नोरीनचं घर मी गार केलं

युरोपहून परत आलेल्या माणसाकडे लोक फोटो मागतात. आमचे फोटो एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा मागत नाही. प्रत्येक फोटोत आमची ही एखाद्या रोहित्रासमोर, पवनचक्कीच्या पायथ्याशी किंवा सौर पॅनलांच्या रांगेत, दात दुखत असल्यासारखा चेहरा करून उभी आहे. स्पेनमध्ये सेव्हियाला मोठं प्रेक्षणीय चर्च आहे म्हणे. आम्ही त्याच्या मागच्या बाजूचं सबस्टेशन पाहिलं.

दोष माझा आहे. सरकारी वीज खात्यात सांगली जिल्ह्यात उभा जन्म काढला. निवृत्त होऊनही मान वर करून तारा बघत चालायची सवय गेली नाही. त्यामुळे मी तीन देशांत तीन वेगवेगळ्या खांबांवर आपटलो. मुलगी मृणाल आयर्लंडला शिकायला गेली आणि तिथलीच झाली. एनिस नावाच्या गावात जुनी घरं उबदार करून देणारी एक लहानशी सहकारी संस्था आहे, तिच्यात ती काम करते. तिच्याकडे जायचंच होतं, तर वाटेत तीन ठिकाणी थांबून कुठल्या मुलखात वीज कधी लागते, किती लागते आणि कशातून येते याचा तुलनात्मक अभ्यास करावा, आणि परत आल्यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान द्यावं, असा माझा बेत होता. संघाच्या फळ्यावर विषयही लिहून झाला होता.

ते व्याख्यान मी दिलं नाही. का दिलं नाही, ते इथे लिहितो. समोर बसलेल्या माणसांना सांगण्यापेक्षा कागदाला सांगणं सोपं जातं. कागद हसत नाही.

वाटेतले देश

ऑक्टोबर असूनही सेव्हियात भर दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तिथली माणसं उन्हाशी भांडत नाहीत, त्याच्या तोंडावर दार लावून घेतात. खिडक्यांच्या झडपा खाली, आत अंधार, आणि सगळं गाव आडवं. गावाबाहेर मात्र तेच ऊन मैलोनमैल काचांवर झेलून वीज करणं चाललेलं. मला भरून आलं. आमच्याकडे दिवसा पुरायची नाही म्हणून शेतीपंपांना रात्रीची वीज द्यायचो. ती वेळापत्रकं मी स्वतः काढली आहेत आणि त्यावरून आईबहिणीवरच्या शिव्याही स्वतःच खाल्ल्या आहेत.

जर्मनीत हॅनोव्हरला माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा राहतो. त्याच्या बाल्कनीच्या कठड्याला दोन सौर पॅनल टांगलेले होते. वायर घरातल्या प्लगात खोचली की झालं. मी कौतुकानं फोटो काढत होतो. हिनं त्याला विचारलं, "मग कपडे कुठे वाळत घालता रे?" त्यानं अभिमानानं कपडे वाळवायचं यंत्र दाखवलं.

"म्हणजे उन्हातून वीज काढायची आणि त्या विजेवर कपडे वाळवायचे," ही म्हणाली. "उन्हातच का नाही घालत?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी पॅनलकडे बघायला लागलो.

डेन्मार्कात तर घरात बंबही नाही आणि गीझरही नाही. गावाबाहेर एकच मोठी भट्टी, त्यात गव्हाचा पेंढा जाळतात, वारा जास्त झाला की पवनचक्क्यांच्या विजेवर पाणी तापवतात, आणि ते पाणी नळांतून घरोघर फिरतं.

"गरम पाणी नगरपालिका सोडते?" ही म्हणाली.

"तसंच म्हण."

"रोज?"

"रोज."

आमच्या कॉलनीत गार पाणीसुद्धा एक दिवसाआड येतं.

असं करत माझा सिद्धांत तयार झाला. प्रत्येक मुलखाच्या भुकेची वेळ वेगळी. दक्षिणेला दुपारी गारव्याची भूक, उत्तरेला थंडीत उबेची, आपल्याकडे दिवेलागणीला सगळ्याचीच. आणि निसर्ग वाढायला येतो तो मात्र त्याच्या सोयीनं. हा सिद्धांत मी विमानात शेजारच्या माणसाला सांगितला. त्यानं डोळ्यांवर पट्टी बांधली.

वाऱ्याचा देश

आयर्लंडात शॅननला विमानाच्या शिडीवरच वाऱ्यानं माझी कानटोपी नेली. मृणालला मिठी मारायच्या आधी मी तिला तेच सांगितलं.

"जाऊ दे बाबा, ती आता लिमेरिकला पोचली असेल," ती म्हणाली. "बाकी सगळं ग्रँड ना?"

'ग्रँड' हा शब्द तिकडे मिठासारखा वापरतात. तब्येत ग्रँड, पाऊस ग्रँड, उशीर झाला तरी ग्रँड. माझ्या मुलीच्या तोंडात तो इतका मुरला होता की दर वेळी ही माझ्याकडे बघायची.

एनिसच्या वाटेवर टेकडीवर पवनचक्क्या दिसल्या. आमच्या ढालगावच्या पठारावर आहेत तशाच, फक्त खाली हिरवं गवत आणि मेंढ्या. वारा गाडी हलवत होता आणि तरी त्यातल्या काही चक्क्या हात जोडून गप्प उभ्या.

"बिघडल्यात?"

"थांबवल्यात. वारा जास्त झाला की सगळी वीज घ्यायला तारा पुरत नाहीत. इकडे पश्चिमेला वारा, तिकडे डब्लिनच्या बाजूला मागणी. तिथल्या डेटा सेंटरांना कितीही द्या, पुरत नाही."

"म्हणजे वाऱ्याचं भारनियमन!" मी इतक्या आनंदानं ओरडलो की तिनं गाडी दचकून कडेला घेतली. परदेशात आपल्या खात्याची आठवण येईल असं काही दिसलं की माणूस असाच वागतो.

मृणाल दोन मैत्रिणींबरोबर लहान फ्लॅटमध्ये राहते, म्हणून आमची सोय तिनं गावाबाहेर नोरीनकडे केली होती. नोरीन सत्तरीची, विधवा, बुटकी, शेताच्या मधोमध दगडी भिंतींच्या घरात एकटी राहणारी. वरच्या मजल्यावरची खोली ती पाहुण्यांना देते. गेल्या गेल्या तिनं चहा, घरची काळसर पावाची वडी, तिच्यावर बोटभर लोणी आणि सफरचंदाची पेस्ट्री पुढे ठेवली, आणि आम्ही खाईपर्यंत उभी राहिली. ही म्हणाली, "अगदी आपल्या कुंदामावशी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत नेलेल्या भाजणीचं थालीपीठ लावून तिनं त्याची परतफेड केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांचं माझ्यावाचून काहीही अडलं नाही.

माझं मात्र अडलं. बाथरूममध्ये दिव्याचं बटण सापडेना. आत शोधलं, बाहेर शोधलं. पहिल्या सकाळी मी अंधारात दाढी केली आणि तीन जागी कापून घेऊन खाली आलो. नोरीननं हळूच वर नेऊन दाखवलं: छतातून दोरी लोंबत होती, ती ओढायची. "वीज खात्यात होते," असं ही तिला मराठीतून सांगत होती आणि नोरीन समजून मान डोलावत होती.

त्या घरात एकच कायदा होता. पाणी तापवायची इमर्शनची कळ लावून विसरायचं नाही. "चोरी केलीत तर मी पोलिसांना सांगणार नाही," नोरीन म्हणाली. "पण इमर्शन चालू राहिलं तर सगळ्या परगण्याला सांगेन." तिच्या आईनं म्हणे एकदा लग्नाला निघालेली गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरवली होती, कळ बंद केली की नाही ते बघायला. मी हे हिला सांगितलं. ही उठून उभी राहिली. आम्ही नरसोबाच्या वाडीहून परत आलो होतो, गॅसचा रेग्युलेटर बंद केला की नाही ते बघायला. दर्शन न घेता. मी ते नोरीनला सांगितलं. दोघींनी एकमेकींचे हात धरले.

हे आपलंच माणूस, असं मला तेव्हा वाटलं. पुढचं सगळं त्या वाटण्यातून झालं.

कारण नोरीनच्या घरात दुसरंही एक यंत्र होतं. आधी ती टर्फ जाळायची. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली माती. आपल्याकडे गोवऱ्या रचतात तशी घरामागे रचून ठेवतात. आता तिनं भिंतीतली शेकोटी लिंपून बंद केली होती, जुनी चूल काढून टाकली होती, भिंतींना आतून जाड अस्तर लावलं होतं आणि घराबाहेर पंखा असलेली एक मोठी पेटी बसवली होती. ही पेटी बाहेरच्या गार हवेतूनच ऊब ओढून आत देते. मृणालच्या संस्थेनंच बसवलेली. मी नोरीनला तिच्याच यंत्राचं तत्त्व समजावून सांगितलं: उलटा चालणारा फ्रिज. आकृती काढून सांगितलं. त्याच वेळी मृणाल तिला परत एकदा बजावत होती की हे चुलीसारखं नाही, मंद आचेवर सतत चालू राहू द्यायचं, कधी बंद करायचं नाही. मी तिथंच होतो. बोलत होतो, म्हणून ऐकलं नाही.

संध्याकाळी नोरीननं तिच्या मनातलं सांगितलं. शनिवारी ती घर उघडं ठेवणार होती. आजूबाजूच्या शेतांवरची माणसं येतील, उबेत बसतील, चहा घेतील, आणि पटलं तर मृणालकडे नावं देतील. "म्हणायला सगळ्यांसाठी आहे," ती म्हणाली, "खरं तर एकासाठी आहे."

तो एक म्हणजे मॅटी, तिचा दीर. शेजारच्या घरात एकटा. आयुष्यभर टर्फच्या धुरात बसून छाती भाता झालेली. एनिसच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं: धूर थांबवा. मॅटी म्हणायचा, यंत्राची ऊब ही ऊब नव्हे. गेली दोन वर्षं नोरीन त्याला मनवत होती. शेवटी एवढ्यावर आला होता, की शनिवारी येईन, तुझ्या खुर्चीत बसेन, आणि मला घाम आला तर सही करीन.

"तो शब्दाचा पक्का आहे," नोरीन म्हणाली. "त्याला फक्त ऊब लागली पाहिजे."

गुरुवार

शनिवारच्या आधी मोकळे दिवस होते. नोरीन लिमेरिकला बहिणीकडे गेली, डोळे दाखवायला. शनिवारी सकाळी परत येणार होती. मृणालनं रजा काढली होती आणि आम्हाला पश्चिम किनाऱ्यावर नेणार होती. आम्ही सगळ्यात शेवटी निघालो. मृणाल गाडी वळवत होती. मी दार ओढलं, कुलूप दोनदा हलवून पाहिलं, आणि मागच्या भिंतीकडून घूंऽऽ असा आवाज आला.

यंत्र चालू होतं. घरात चिटपाखरू नाही, आणि यंत्र चालू.

आता हे परदेशी वाचकाला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. गावाला निघताना मेन स्विच बंद, गॅस बंद, नळ बंद, आणि हे सगळं केल्याचं एकानं दुसऱ्याला मोठ्यानं सांगायचं. यातलं काही राहिलं तर आपल्याला एस.टी.त झोप लागत नाही. पेटीशेजारी भिंतीवर लाल मुठीचं बटण होतं.

"अहो," ही म्हणाली, "ते तिचं आहे. राहू दे."

"अगं, रिकाम्या घराला ऊब कशाला? भिंती काय काकडतायत?"

"मृणालला तरी विचारा."

"विचारायचंय काय त्यात? मी याच खात्यातला ना?"

मूठ फिरवली. पंखा दमत दमत थांबला. मला अगदी पुण्य केल्यासारखं वाटलं.

किनाऱ्यावरचे कडे पाहिले. वाऱ्यात उभं राहायला हिनं माझा कोट धरला आणि मी कुंपण धरलं. शॅनन नदीच्या मुखावरचं जुनं वीजकेंद्र पाहिलं, दोन उंच धुराडी असलेलं. कोळसा जाळणं आता बंद केलंय, मृणाल म्हणाली. मी त्या धुराड्यांसमोर तिला युरोपातल्या चारही मुलखांची तुलना ऐकवली. तिनं बटाट्याच्या काचऱ्या संपेपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी लोकांना दोन शब्द सांगाल का? बाहेरच्या माणसाचं ऐकतात." मला आकाश ठेंगणं झालं. लाल मूठ माझ्या डोक्यातून पार गेली होती.

शनिवार

आम्ही पोचलो तेव्हा नोरीन स्वयंपाकघरात कोट घालून उभी होती. दगडी घर थंडावलं की त्याला एक वास येतो. विहिरीत डोकावल्यासारखा.

"मी आले तेव्हापासून असंच आहे," ती मृणालला म्हणाली. "काय केलं मी? मी हात लावला नाही गं. देवाशपथ."

मृणालनं भिंतीवरचा यंत्राचे आकडे दाखवणारा पडदा पाहिला, तो मेलेला. जिन्याखालचे फ्यूज पाहिले, सगळे ठीक. यंत्र बसवणाऱ्याला फोन लावला. शनिवार, कोण उचलतो. तोवर अंगणात गाड्या लागायला लागल्या. माणसं आली, दारात बूट झटकले, आत आली, आणि कोटाच्या बटणांकडे गेलेले हात तसेच परत आले. तिथली माणसं फार सभ्य. 'किती छान दिवस' म्हणाली, बाहेर पाऊस होता तरी.

हिनं बटाटेवडे तळले होते. त्या घरात गरम तेवढंच होतं.

मॅटी आला. ओंडक्यासारखा मोठा माणूस, डोक्यावर चपटी टोपी. लिंपलेल्या शेकोटीशेजारच्या खुर्चीत सवयीनं बसला, भिंतीलगतच्या, ऊब सोडणाऱ्या रेडिएटरवर पंजा ठेवला आणि नोरीनकडे बघून काढून घेतला. नोरीनचे कान लाल झाले. "एरवी असं नसतं, मॅटी," ती म्हणाली. "तू मंगळवारी यायला हवा होतास."

"मंगळवारी यंत्राला बरं असतं का?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. नोरीनही हसली.

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही बोला जरा. तोवर मी बघते."

मी बोललो. पुढचं लिहिताना अजून कान तापतात. मी म्हणालो, मित्रहो, या यंत्राचा दोष नाही, मुलखाचा आहे. डेन्मार्कात गरम पाणी नळानं येतं, स्पेनमध्ये ऊन आहे, जर्मनीत थंडी कोरडी असते. तुमच्याकडे ही ओली हवा. अशा दमट हवेत या यंत्राच्या नळ्यांवर दव गोठतं आणि ते ऐन थंडीत मान टाकतं. माणसं माना डोलवायला लागली. मला जोर चढला. नळ्यांवर बर्फ कसा चढतो आणि पंखा कसा हळूहळू थांबतो ते मी हवेत मूठ फिरवून दाखवलं.

आणि मुठीला आठवलं.

मी वाक्य तोडायला हवं होतं. मी वाक्य पूर्ण केलं. नुसतं पूर्ण केलं नाही, त्याच्यामागे आणखी दोन जोडली. तोंडाला चाळीस वर्षांची सवय; तक्रार आली की दोष वरच्या लाइनवर ढकलायचा.

मग 'जरा बाहेरून तपासतो' म्हणून मी मागच्या भिंतीकडे गेलो आणि मूठ फिरवली. पंखा फिरायला लागला. मागे खोकला ऐकू आला. मॅटी कोपऱ्यावर उभा होता.

"एवढंच होतं?" तो म्हणाला.

"एवढंच."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून. वीज वाया जाऊ नये म्हणून मी..."

तो हसायला लागला. हसता हसता ढास लागली, भिंतीला टेकला, तोंड पुसलं. "मी नाही सांगायचो," तो म्हणाला. "तुझं तू बघ." आणि आत गेला.

मी आत आलो तर टाळ्या. पडद्यावर दिवा लागला होता. "बाबा!" मृणाल ओरडली. नोरीननं माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना सांगितलं की भारतातल्या इंजिनियरनं पाच मिनिटांत दुरुस्त केलं. मॅटी खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. ही वड्यांचं ताट घेऊन समोर उभी होती.

"आता सांगा," ती एवढंच म्हणाली.

"वडे गार होतायत," मी म्हणालो.

ते यंत्र मंद आचेचं. गारठलेल्या दगडांना उबवायला त्याला दिवस लागतो. माणसांनी कोट घालूनच चहा घेतला, वड्यांचं कौतुक केलं, आणि 'विचार करू' म्हणत एकेक करून गेली.

"'विचार करू' म्हणजे नाही, बाबा," मृणाल कप गोळा करत म्हणाली. तिच्या कागदावर एकही नाव नव्हतं. मॅटी सगळ्यात शेवटी उठला, नोरीनच्या खांद्यावर थोपटलं आणि आपल्या धुराकडे गेला.

सगळे गेल्यावर, स्वयंपाकघरात, मी सांगितलं. आधी मराठीतून मृणालला, मग इंग्रजीतून नोरीनला. इंग्रजीतून जास्त लागलं. त्या भाषेत मला लपायला जागा नाही.

नोरीन कप पुसत होती. तोच कप पुन्हा पुसला. "तू माझंच बिल वाचवायला गेलास," ती म्हणाली. "आह, शुअर... माझ्या आईनंही तेच केलं असतं. बस, चहा घे." आणि मला चहा दिला. तिनं एखादा कप फेकून मारला असता तर मी त्या रात्री झोपलो असतो.

मृणाल बोलली ती मराठीतूनच. "बंद केलंत, ठीक आहे, चूक झाली. पण त्या मशीनला नावं का ठेवलीत? कळल्यावरसुद्धा?"

"तुला कसं कळलं की मला कळलं होतं?"

"आपल्या घरी लाइट गेली की तुम्ही याच आवाजात फोनवर बोलायचात, बाबा."

रविवार

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर मी नोरीनबरोबर घरोघर निघालो. कल्पना हिची. "तिथं सगळ्यांसमोर बोललात ना? मग आता सगळ्यांसमोर जा."

दर दारात उभं राहून मी तेच सांगायचं ठरवलं होतं: यंत्र ठीक आहे, तुमची हवाही ठीक आहे, बिघाड सांगलीहून आला होता. पण पहिल्या घरानंतर सांगायची गरज उरली नाही. माझ्या आधी बातमी पोचायची. दार उघडायच्या आतच बाई म्हणायची, "हाच का तो?" आणि मला ओढून आत घ्यायची, चहा द्यायची, आणि नवऱ्याला हाक मारायची, की ये, इंजिनियर आलाय, फ्रिजची कळ लपव. मीही माझीच नक्कल करून दाखवली, मूठ फिरवून, मान टाकणाऱ्या पंख्यासकट. कुणी एक शब्द लागेल असा बोललं नाही. घर आता गरम झालंय, परत या, असं नोरीन प्रत्येकाला सांगत होती, आणि बरेच जण येतो म्हणाले. हा खरा 'येतो', पोकळ नाही, असं तिनं मला वाटेत समजावलं.

मॅटीचं घर शेवटी ठेवलं होतं. आत शिरताच डोळे चुरचुरले. शेकोटीसमोर बसलं की गुडघे भाजतात आणि पाठ गोठते. त्यानं आमच्यासाठी स्टुलं पुढे ओढली. मी माझ्या सगळ्या नोकरीत केला नसेल इतका चांगला युक्तिवाद केला. यंत्र किती साधं आहे, काही करावं लागत नाही, फक्त हात लावायचा नाही.

त्यानं सगळं ऐकलं. हसला नाही, चेष्टा केली नाही.

"तू आयुष्यभर विजेत काढलंस," तो म्हणाला. "ते बंद करायचं नसतं हे तुला कळलं नाही. मग मला काय कळणार? ही आग मला कळते. विझली तर विझलेली दिसते."

"मॅटी, अरे, तो माझा मूर्खपणा होता. यंत्राचा नाही."

"मूर्ख असतास तर मी सही केली असती," तो म्हणाला. "तू मला हुशार वाटतोस." आणि नोरीनकडे वळून, अगदी मऊ आवाजात: "पुढच्या वर्षी बघू गं."

नोरीन आपल्या हातांकडे बघत होती. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "ग्रँड." मला पहिल्यांदाच त्या शब्दाची चव कळली.

सांगली

परत येऊन दोन महिने झाले. मृणालच्या कागदावर बरीच नावं आली आहेत. नोरीनचं घर पाहून माणसं खरंच सह्या करतायत, आणि मला खूश करायला ती दर रविवारी सांगते. मॅटीचं विचारलं की म्हणते, "तुम्हीच करा ना फोन. तुमच्यावर राग नाहीये त्यांचा." तेच तर अवघड आहे.

परवा केला. ही शेजारी येऊन बसली, म्हणून करावाच लागला. त्यानं लगेच ओळखलं. हवेबद्दल बोललो. तिकडे वारा होता. ही कशी आहे, वडे परत कधी, असं विचारलं. मग म्हणाला, "थांब हं, आग बसतेय, दोन टर्फ घालून येतो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपला फरफटल्या. मागचं दार उघडलं, वारा आत शिरला, बादली खरवडली. मग खोकला. लांब, मग जवळ, मग थांबला असं वाटलं आणि परत सुरू झाला. मी फोन कानाला धरून उभा होतो. बसावंसं वाटेना. ही माझ्या तोंडाकडे बघत होती.

पुष्कळ वेळानं तो आला. खुर्ची करकरली. श्वास जागेवर यायला त्याला वेळ लागला.

"हं," तो म्हणाला. "काय म्हणत होतास?"